छंद आणि चाल : अण्णासाहेब किर्लोस्करांच्या पदरचनेचा भाषिक विचार

१

मराठीत ‘छंद’ हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. पद्यरचनेचा लयबद्ध आकृतिबंध हा त्याचा एक अर्थ. पोटापाण्याशी संबंध नसताना मनाला लागलेला नाद, हा दुसरा. संस्कृतातही या शब्दकुळाला इच्छा व आवड असा अर्थ आहेच. बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३-१८८५) यांच्या ठिकाणी हे दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते. पुण्यातील रेव्हिन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरी करणाऱ्या या गृहस्थाने ३१ ऑक्टोबर १८८० रोजी आनंदोद्भव नाटकगृहात ‘संगीत शाकुंतल’ नाटकाचे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले, आणि पुढील अर्धशतकाच्या मराठी संगीताची दिशा ठरली. संगीत हा त्यांचा व्यवसाय नव्हता. कोणत्याही घराण्याची तालीम हे त्यांच्या कर्तृत्वाचे अधिष्ठान नव्हते. तरीही त्यांनी रचलेली पदे व्यावसायिक गायकांच्या पिढ्या गात आल्या.

या घटनेचा अर्थ लावताना समीक्षेने सामान्यतः दोन वाटा धरल्या आहेत. एका वाटेने जाणारे म्हणतात की अण्णासाहेबांनी चालू चाली उचलल्या व त्यांत शब्द बसविले. म्हणून त्यांना नाटककार म्हणावे, संगीतरचनाकार म्हणू नये. दुसऱ्या वाटेवर त्यांचे आद्यत्व इतके पूज्य मानले जाते की त्यांच्या पदाची घडण तपासण्याची गरजच उरत नाही. दोन्ही वाटा पदाला बगल देऊन जातात. प्रस्तुत लेखात पद हेच विचाराचे केंद्र धरले आहे. अण्णासाहेबांचे संगीतकार्य हे मूलतः मराठीच्या व्याकरणाशी निगडित असे कार्य होते, आणि ते करण्यास हौशी माणूसच अधिक मोकळा होता, हे येथे दाखवावयाचे आहे.

२

नोकरी सांभाळून संगीतरचना करणारा अधिकारी ही युरोपच्या, विशेषतः अठराव्या शतकातील जर्मन राज्यांच्या, सांस्कृतिक इतिहासातील परिचित व्यक्ती आहे. कार्ल फिलिप इमानुएल बाख याने १७७९ ते १७८७ या काळात वाद्यरचनांचे सहा संग्रह प्रसिद्ध केले, ते ‘जाणकार आणि प्रेमी’ अशा दुहेरी वाचकवर्गाला उद्देशून. त्यातील ‘प्रेमी’ या अर्थाचा जर्मन शब्द म्हणजेच आपला ‘हौशी’. त्या शब्दात कमीपणाची छटा नव्हती. जाणकाराला शास्त्र कळते, प्रेम्याला रस कळतो, आणि रचनाकाराने दोघांचेही समाधान करावयाचे असते, ही त्यामागची भूमिका. मराठी ‘हौस’ हा शब्द फारसीच्या द्वारे आलेल्या अरबी ‘हवस’ या शब्दावरून बनला आहे. मुळातली तीव्र वासना मराठीत सौम्य झाली, आणि ‘हौशी’ म्हणताना ‘कच्चा’ असाही ध्वनी त्याला पुढे चिकटला. अण्णासाहेबांविषयीच्या पहिल्या आक्षेपाचे मूळ काही अंशी या अर्थांतरात आहे.

एर्न्स्ट हॉफमान याचे उदाहरण येथे उपयोगी पडते. १७७६ साली कोनिग्सबर्ग येथे जन्मलेला हा गृहस्थ प्रशियाच्या न्यायखात्यातील अधिकारी होता आणि १८२२ मध्ये मृत्यू आला तेव्हाही तो बर्लिनच्या न्यायालयात अधिकारपदावर होता. मोझार्टवरील भक्तीने त्याने आपल्या नावात ‘आमाडेउस’ हा शब्द घातला. त्याची ‘उंडीन’ ही संगीतिका १८१६ साली बर्लिनमध्ये रंगभूमीवर आली. पुढील वर्षी नाटकगृहाला आग लागून तिची दृश्यसजावट जळाली, परंतु स्वरलेखन शिल्लक राहिले. त्यामुळे ती रचना आजही वाचता व वाजविता येते. हॉफमान स्वतः श्रेष्ठ कथाकार असूनही ‘उंडीन’चे शब्द त्याचे नव्हते, ते मूळ कथेचा लेखक फुके याने लिहिले होते. अण्णासाहेबांची स्थिती नेमकी उलटी आहे. शब्द त्यांचे, चालींची निवड त्यांची, परंतु स्वरलेखन नाही. जर्मन अधिकाऱ्याची रचना कागदाने राखली, मराठी अधिकाऱ्याची रचना गळ्यांनी राखली. हा फरक पुढील विवेचनात पुन्हा उपस्थित होईल.

३

अण्णासाहेबांचा जन्म ३१ मार्च १८४३ रोजी गुर्लहोसूर येथे झाला. हा प्रदेश कानडी भाषेचा. घरी मराठी व भोवती कानडी, अशा दुहेरी वातावरणात त्यांचा कान घडला. विद्यार्थिदशेतच नाटकमंडळ्यांना पदे करून देण्याचा नाद त्यांना लागला होता. पुढे बेळगाव येथे त्यांनी शिक्षकाचे काम केले. गोविंद बल्लाळ देवल हे तेथील त्यांचे विद्यार्थी. नंतर सरकारी नोकरी पत्करून ते पुण्यास आले. पुण्यात पारशी मंडळीचा संगीतप्रधान खेळ पाहून मराठीत असे नाटक करावे ही प्रेरणा त्यांना झाली, हे सर्वश्रुत आहे. ‘शाकुंतल’चे सातही अंक १८८१ मध्ये रंगभूमीवर आले, १८ नोव्हेंबर १८८२ रोजी ‘संगीत सौभद्र’चे पहिले तीन अंक झाले, ‘रामराज्यवियोग’ १८८४ मध्ये अपुरेच राहिले. २ नोव्हेंबर १८८५ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले. सारे कर्तृत्व पाच वर्षांचे.

संगीत नाटकाचा विचारच त्यांच्यापूर्वी झाला नव्हता, असे नाही. सोकर बापूजी त्रिलोकेकर यांनी १८७९ मध्ये ‘नलदमयंती’च्या रूपाने तसा प्रयत्न केला होता. कालिदासाचे ‘शाकुंतल’ही परशुरामतात्या गोडबोले यांच्यासारख्या पंडितांनी आधीच मराठीत आणले होते. तेव्हा अण्णासाहेबांचे वेगळेपण आद्यत्वात शोधण्यापेक्षा पदाच्या अंतर्गत रचनेत शोधणे अधिक फलदायी ठरते.

४

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगली येथे ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हापासून पौराणिक नाटकांची जी प्रथा पडली तिच्यात गाण्याचा भार सूत्रधारावर असे. पात्रे हावभाव करीत व प्रसंगानुरूप गद्य भाषण करीत. भाषेच्या दृष्टीने पाहता हे गाणे प्राधान्याने तृतीय पुरुषातील होते. राजा आला, सीता शोक करू लागली, राम वनास निघाला, असे ते सांगे. गाणारा एक आणि ज्याच्याविषयी गावयाचे तो दुसरा, अशी ही विभागणी होती.

अण्णासाहेबांनी गाणे पात्राच्या मुखी दिले. हा बदल नाट्यदृष्ट्या महत्त्वाचा आहे हे अनेकवार सांगितले गेले आहे. तो व्याकरणदृष्ट्याही तितकाच दूरगामी आहे. पद तृतीय पुरुषातून प्रथम पुरुषात आले, आणि मराठीचा प्रथम पुरुष कर्त्याचे लिंग सांगतो. ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’, ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ यांत भेद आहे तो केवळ अन्त्य स्वराचा. संस्कृतात ‘गच्छामि’ म्हणणारी व्यक्ती पुरुष की स्त्री, हे क्रियापदावरून कळत नाही. हिंदीत ते कळते, कानडीच्या प्रथम पुरुषात कळत नाही. मराठी पदकाराच्या हाती म्हणून एक साधन आपोआप आले: ओळीच्या शेवटी क्रियापद ठेवले की जो स्वर लांबवावयाचा तोच गाणाऱ्याची ओळख सांगतो. ‘ओ’ लांबला की दुष्यंत, ‘ए’ लांबला की शकुंतला. स्त्रीभूमिका पुरुष नट करीत असत त्या काळी हा अन्त्य ‘ए’ वेषभूषेइतकाच भूमिकेचा आधार होता. कर्मणी रचनेत किंवा ‘जाईन’सारख्या भविष्यकाळी रूपांत हा भेद नाहीसा होतो, म्हणजे कोठे लिंग उघड करावयाचे व कोठे झाकावयाचे, याची निवडही पदकाराच्या हाती राहते.

याची दुसरी बाजू कालिदासाकडे पाहिल्यावर ध्यानात येते. मूळ नाटकात राजा, ऋषी इत्यादी पात्रे संस्कृत बोलतात. शकुंतला व तिच्या सख्या प्राकृत बोलतात. पद्याचा मोठा भाग संस्कृत बोलणाऱ्यांच्या वाट्याला गेला आहे. तिसऱ्या अंकातील प्रेमपत्र हे शकुंतलेचे पद्य असून तेही प्राकृतातच आहे. मराठी नाटकात ही भाषिक उतरंड उरली नाही. सर्वांची भाषा एक झाली आणि सर्वांना गाण्याचा अधिकार सारखाच मिळाला. कालिदासाची शकुंतला प्रामुख्याने गद्यात व्यक्त होते. अण्णासाहेबांची शकुंतला आपले दुःख स्वतः गाते. अनुवादात मूळच्या उपमांची घनता विरळ झाली, ही हानी खरीच. परंतु नायिकेला गाता येऊ लागले, हा लाभ त्या हानीच्या शेजारी मांडला पाहिजे.

५

आता चालीकडे वळू. अण्णासाहेबांच्या पदांचा संभार मोठा आहे; ‘शाकुंतला’त तो सुमारे दोनशे पदांचा आहे. त्यांत अक्षरगणवृत्तातील श्लोक आहेत, साकी व दिंडी यांसारखी मात्रावृत्ते आहेत, आणि लावणी, कीर्तन, कानडी गाणी व हिंदुस्थानी चिजा यांच्या चालींवर बांधलेली पदे आहेत. साकीच्या ओळीत सोळा व बारा मिळून अठ्ठावीस मात्रा. दिंडीच्या चरणात नऊ व दहा मिळून एकोणीस. ही वृत्ते कीर्तनामुळे श्रोत्यांच्या अंगवळणी पडलेली होती. चाल ओळखीची असल्याने श्रोत्याचे लक्ष शब्दाकडे जाण्यास अडथळा होत नसे.

परंतु ओळखीच्या चालीत नवे शब्द घालणे हे यांत्रिक काम नव्हे. मराठीच्या बाबतीत तर नव्हेच. बोलताना मराठी माणूस शब्दाच्या अंती असलेला ‘अ’ टाकून देतो. ‘मन’ हा शब्द लिहिण्यात व वृत्तात दोन अक्षरांचा, उच्चारात ‘मन्’ असा एकाच अवयवाचा. वृत्तात टाकलेला ‘अ’ परत आणावा लागतो. गाण्यात अडचण त्याहून मोठी आहे. हा ‘अ’ ऱ्हस्व. तो सम येईपर्यंत लांबवावा तर ‘आ’कडे झुकतो, आणि ‘मन’चे ‘मना’ होते. ‘मना’ हे मराठीत संबोधनाचे रूप आहे. म्हणजे स्वर लांबविल्याने विभक्ती बदलल्याचा भास होतो. ‘राम’ आणि ‘रामा’ यांचीही तीच गत.

यावर उपाय एकच: आवर्तनाच्या शेवटी मुळातच दीर्घ असलेला स्वर आणणे. मराठीची प्रत्ययव्यवस्था येथे पदकाराला भरपूर साहाय्य करते. ‘ला’, ‘ने’, ‘चा-ची-चे’ हे प्रत्यय. ‘तो-ते’, ‘ला-ली-ले’ ही क्रियापदांची अंत्यरूपे. स्त्रीलिंगी ‘ई’ व अनेकवचनी ‘आ’, सारी दीर्घ स्वरान्त आहेत. ज्या ठिकाणी मराठी नाम व्यंजनान्त उच्चारले जाते त्या ठिकाणी मराठी विभक्ती स्वरान्त असते. म्हणून यमकासाठी प्रत्ययांचा आधार घेणे हा पंडितांच्या दृष्टीने सोपेपणा असला तरी गायकाच्या दृष्टीने ती सोय आहे. कानडी चालींच्या बाबतीत हा मुद्दा विशेष लागू पडतो. कानडीत बहुतेक शब्द स्वरान्तच उच्चारले जातात. त्यामुळे कानडी चालीचे विसाव्याचे स्थान नेहमी स्वराची अपेक्षा करते. दोन्ही भाषांत वाढलेल्या अण्णासाहेबांना हा भेद नियम म्हणून माहीत असण्याची आवश्यकता नव्हती. तो त्यांच्या कानाला ठाऊक होता.

हौशीपणाचा संबंध येथे येतो. घराण्याच्या तालमीत वाढलेल्या गवयाच्या दृष्टीने चीज हे रागाचे वाहन असते. शब्दाचे अक्षर कोठे तुटते याची त्याला फारशी पर्वा करावी लागत नाही. शब्दाच्या बाजूने चालीकडे पाहण्यासाठी असा माणूस लागतो की ज्याची प्रतिष्ठा रागविस्तारावर अवलंबून नाही व ज्याची चूलही गाण्यावर पेटत नाही. अण्णासाहेबांनी लावणीची चाल, कीर्तनातील साकी आणि खानदानी चीज यांना एकाच पंक्तीला बसविले, कारण त्यांच्यापैकी कोणाशीही त्यांचे व्यावसायिक इमान बांधलेले नव्हते. लंडनमध्ये १७२८ साली जॉन गे याने प्रचलित लोकचालींवरच आपली ‘भिकाऱ्याची संगीतिका’ उभारली होती. तिला कोणी उसनवारी म्हणत नाही. मराठीत आपण चाल ‘लावतो’, ‘बांधतो’ आणि ‘बसवितो’. या क्रियापदांत नवनिर्मितीपेक्षा जुळणीचा अर्थ अधिक आहे, आणि अण्णासाहेबांची रचना याच अर्थाने रचना आहे.

६

याचा अर्थ सर्वच पदे सारख्या योग्यतेची आहेत, असा नव्हे. ‘शाकुंतला’त पदांची गर्दी पुष्कळदा कथेची गती रोखते. पाठोपाठ येणाऱ्या साक्या व दिंड्या यांच्यामुळे भिन्न स्वभावाची पात्रे एकाच सुरात बोलल्यासारखी वाटतात. संस्कृत श्लोकाचा आशय पुरा उतरविण्याच्या नादात काही ठिकाणी शब्द चालीत कोंबलेले दिसतात. तेथे अनुवादकाची निष्ठा पदकाराच्या कानावर मात करते.

‘सौभद्र’ या दोषांतून बरेचसे मुक्त आहे. कथा महाभारतातील असली तरी नाट्यरचना अण्णासाहेबांची स्वतःची. समोर संस्कृत संहितेचे बंधन नाही. परिणामी पद गद्य संभाषणातून सहज उगवते आणि संपल्यावर पुन्हा संभाषणात मिसळते. कृष्णाचे कारस्थान, बलरामाचा ताठा, सुभद्रेची घालमेल यांना वेगवेगळी वळणे लाभली आहेत. संगीतरचनाकार म्हणून अण्णासाहेबांचे मूल्यमापन करावयाचे तर ‘शाकुंतल’ हा प्रारंभ आणि ‘सौभद्र’ ही सिद्धी मानावी लागेल.

त्यांच्यानंतर हे एकहाती काम विभागले गेले. १९११ मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या, १९१६ च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखले यांच्या चाली लाभल्या. संगीत संपन्न झाले, रागदारी नाट्यगृहात आली. त्याच वेळी शब्द लिहिणारा एक व चाल देणारा दुसरा झाल्यामुळे अक्षर व स्वर यांच्यातील जुना सलोखा गायकाच्या मर्जीवर सोडला गेला. एका हौशी अधिकाऱ्याच्या छंदातून एक व्यवसाय जन्मास आला, आणि व्यवसायाला ती हौस परवडेनाशी झाली.

७

खानदेशच्या अभ्यासकांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. मुंबईहून येणारा लोहमार्ग भुसावळ येथे दुभंगतो. एक फाटा वऱ्हाड-नागपूरकडे जातो, दुसरा खांडव्यावरून जबलपूरकडे. जबलपूरमार्गे मुंबई व कलकत्ता ही शहरे १८७० मध्ये जोडली गेली. त्यानंतर दहा वर्षांनी ‘शाकुंतल’ अवतरले. रेल्वेने वऱ्हाड-नागपूर गाठणाऱ्या मंडळीला भुसावळ टाळता येत नसे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, यांनी संगीताचे प्रारंभीचे धडे जळगाव येथे मेहबूब खाँ यांच्याकडे घेतले, आणि १९०५ मध्ये मिरज येथे किर्लोस्कर मंडळीत शकुंतलेच्याच भूमिकेत ते प्रथम उभे राहिले. अण्णासाहेबांनी शकुंतलेला दिलेला प्रथम पुरुष खानदेशात प्रथम सूर लावलेल्या कंठातून महाराष्ट्रभर पोहोचला.

भाषेच्या अंगाने हा संबंध अधिक सूक्ष्म आहे. धुळे व पश्चिम खानदेशातील अहिराणीत ‘मी करस’, ‘मी जास’ अशी रूपे आहेत. ती पुरुषाच्या तोंडी व स्त्रीच्या तोंडी सारखीच राहतात. नाट्यपदातील ‘ओ’ व ‘ए’ यांच्या भेदावर जो अर्थ उभा आहे, तो भेद अहिराणीच्या वर्तमानकाळात नाही. भुसावळ-रावेर भागातील लेवा बोलीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो व ‘पाणी’चे ‘पानी’. नाट्यपद मात्र ‘ळ’ व ‘ण’ यांचा उच्चार मागते. तेव्हा या प्रदेशात नाट्यपद शिकणे म्हणजे स्वरांबरोबर प्रमाण मराठीचे ध्वनी व रूपे शिकणेही होय. प्रमाणभाषेचा प्रसार शाळा व छापखाना यांनी केला, हे आपण मान्य करतो. या यादीत नाट्यपदाचे नाव घालावयास हवे.

शेवटी स्वरलेखनाचा प्रश्न. छापील नाटकात पदाच्या माथ्यावर ‘चाल’ असे लिहून मूळ गाण्याचे पहिले काही शब्द दिलेले असतात. १८८० च्या वाचकाला तेवढे पुरे होते, कारण ते गाणे त्याच्या ओठांवर होते. मूळ गाणे लोकांच्या स्मरणातून गेले की ती सूचना कुलूप लागलेल्या दारासारखी होते. आत काय आहे ते दारावरून समजत नाही. हॉफमानची संगीतिका आगीतून वाचली. अण्णासाहेबांच्या चाली विस्मृतीतून वाचवावयाच्या आहेत. प्रसिद्ध पदे ध्वनिमुद्रणाने व परंपरेने टिकली, परंतु ती पुढील गायकांनी विस्तारलेल्या रूपात. अप्रसिद्ध पदांचा आधार म्हणजे वृद्ध गायक, कीर्तनकार व भजनी मंडळे यांच्याकडील मूळ लावण्या, साक्या व कानडी गाणी. हे संकलन संगीताच्या विद्यार्थ्याने एकट्याने करण्याजोगे नाही. अन्त्य ‘अ’ कोठे परत येतो व कोणता स्वर किती मात्रा टिकतो हे नोंदण्यासाठी भाषाविज्ञानाची शिस्त लागते. कचेरीतून घरी आल्यावर ज्याने हे काम केले त्याला रचनाकार म्हणावे की नाही, या वादाचा निकाल त्या नोंदींवरूनच लागेल. तो लावण्यास आवश्यक असलेले गळे दरवर्षी कमी होत आहेत.